पिकअपच्या शाफ्टचा आवाज: आधी दुखणं शोधा, मगच पाना हातात घ्या

दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघायला लागलं की लातूरच्या, जालन्याच्या मोंढ्यात पिकअपची रांग लागते. एरवी निम्मा वेळ रिकामी फिरणारी गाडी या दिवसांत रोज भरलेली असते, रस्ता शेतातला असतो, आणि नेमका याच वेळी खालून आवाज सुरू होतो. "मेस्त्री, पहिला गिअर टाकला की खालून टक् करायलंय बघा," असं म्हणत गाडी गॅरेजला येते. पुढं जे होतं ते मला अजिबात पटत नाही. दुखणं कुठं आहे ते न बघताच क्रॉस बदलतात. आवाज राहिला तर सेंटर बेअरिंग. तरी राहिला तर हाउसिंग उघडतात. तीन पार्टचे पैसे आणि हंगामातले चार दिवस जातात, आणि शेवटी मागचा यू-क्लॅम्प ढिला सापडतो.

शाफ्टचा आवाज शोधणं अवघड नाही. तो कधी येतो, कधी बंद होतो आणि कशासोबत वाढतो, एवढं नीट पाहिलं तर निम्मं काम पाना न लावता होतं. उरलेलं निम्मं मात्र शिस्तीनं करावं लागतं, कारण इथली चूक रस्त्यावर महाग पडते.

खाली काय काय फिरतं

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इसुझु डी-मॅक्स अशा गाड्यांत इंजिन पुढं आणि ओढणारी चाकं मागं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या हाउसिंगपर्यंत, म्हणजे मागच्या धुऱ्याच्या मधल्या डब्यापर्यंत, नेतो तो प्रॉपेलर शाफ्ट. त्या डब्यात शाफ्टकडून फिरणारं लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन, आणि ते ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन. लांब गाडीत तो दोन तुकड्यांत असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंगवर टेकलेला असतो. हे बेअरिंग रबरात बसवलेलं असतं आणि रबर चॅसीला ब्रॅकेटनं धरलेलं असतं. प्रत्येक वाकणाऱ्या जागी एक क्रॉस असतो: चार दांड्या, त्यांवर चार कप, कपाच्या आत बारीक सुया. मागचा धुरा खड्ड्यात वर-खाली होतो तेव्हा शाफ्टची लांबी बदलावी लागते, म्हणून एका ठिकाणी दातेरी सरकता जोड असतो, तो स्प्लाइन.

क्रॉसचा एक स्वभाव लक्षात ठेवा. शाफ्ट कोनात चालत असेल तर क्रॉसच्या पलीकडची, म्हणजे ताकद घेणारी बाजू एकसारख्या वेगानं फिरत नाही, एका फेरीत दोनदा जोर धरते आणि दोनदा मागं पडते. ३ अंशांच्या कोनात हा फरक नगण्य असतो, १० अंशांत तो दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का होतो. कोन दुप्पट झाला की हा हिसका जवळजवळ चौपट होतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस पहिल्याचा हिसका खोडून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे काटे) एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. पुढं खुणा करायला सांगतो आणि पाट्यांबद्दल (धुऱ्यावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बोलतो, त्याचं मूळ इथं आहे.

आवाज कसला, त्यावरून संशय कुणावर

गिअर टाकून क्लच सोडताना, किंवा रिव्हर्समधून पहिल्यात जाताना एकच 'टक्' येत असेल तर कुठंतरी मोकळा खेळ आहे. क्रॉस झिजलेला असू शकतो, स्प्लाइन कोरडी असू शकते, फ्लँजचा (शाफ्ट जिथं बोल्टनं जोडतात ती चकती) बोल्ट ढिला असू शकतो. पण धुरा पाट्यांना बांधणारा यू-क्लॅम्प ढिला असेल, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला असेल, पाट्याचा बुश गेला असेल किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलं असेल, तरी हाच 'टक्' येतो. त्यामुळं या एका आवाजावर क्रॉस बदलायचा निर्णय घेऊ नका. थांबल्यावर, ब्रेकवरून पाय काढताना 'टक्' येत असेल तर माझा पहिला संशय कोरड्या स्प्लाइनवर जातो. तिला ग्रीस मिळालं की बऱ्याचदा तिथंच काम होतं.

गाडी चालू लागताच 'चिव-चिव' असा आवाज, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा आणि थोड्या वेगानंतर ऐकू न येणारा, हा क्रॉसचाच. कपाच्या आतलं ग्रीस संपलंय आणि सुया कोरड्या चालल्यात. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली आणि दोन-तीन दिवसांनी हा आवाज आला, तर कपात पाणी शिरलंय असं धरून चाला.

'घूंऽऽ' असा सलग आवाज, वेगाबरोबर चढत जाणारा, बेअरिंगचा असतो. सीटच्या मागं, गाडीच्या मध्यावर ऐकू आला तर सेंटर बेअरिंग, मागून आला तर पिनियन किंवा चाकाचं बेअरिंग. तोच आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा असेल, तर क्राऊन-पिनियनच्या दातांकडं बघा. शाफ्टचं बेअरिंग तेवढा फरक दाखवत नाही.

भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना अंगाला थरथर जाणवते आणि वेग धरला की जाते, याचा अर्थ सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय किंवा शाफ्टचा कोन बिघडलाय. अर्थात क्लच प्लेटही अशीच थरथर देते. दोन्हींतला फरक असा: क्लच पूर्ण सोडल्यावरही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की थरथर परत येत असेल, तर दुखणं क्लचच्या मागं आहे.

ठरावीक वेगालाच, समजा ६० ते ७० च्या मध्ये, सीटखाली गुंजन येतं आणि पुढं-मागं कमी होतं, तेव्हा बॅलन्सचा प्रश्न असतो. चाकाचा बॅलन्स आणि शाफ्टचा बॅलन्स यांत गोंधळ होतो, म्हणून एक हिशेब देतो. चाकाचा परिघ सव्वादोन मीटर धरला तर ६० च्या वेगाला चाक सेकंदाला सात-साडेसात फेऱ्या मारतं. हाउसिंगचा रेशो ४ धरला, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार फेऱ्या, तर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला सुमारे ३० फेऱ्या मारतो. चाकाची धडधड त्यामुळं संथ असते, पुढचं चाक असेल तर स्टिअरिंगमध्ये येते. शाफ्टची थरथर बारीक आणि वेगवान असते, ती फरशीत, सीटमध्ये आणि आरशात दिसते. आरशातलं मागचं चित्र धूसर झालं तर शाफ्टकडं वळा.

रस्त्यावर करायच्या तीन चाचण्या

त्याआधी गाडी खालून धुवा. आपल्याकडं ही पायरी सोडून चालतच नाही. काळ्या रानातून निघालेल्या गाडीच्या शाफ्टवर चिखलाचा लपका एका बाजूला बसतो, वाळून दगडासारखा होतो आणि शाफ्टचा बॅलन्स घालवतो. उसाचं पाचट, कापसाच्या गाठोड्याची सुतळी, प्लास्टिकची पोती क्रॉसला गुंडाळून बसतात. पाण्याचा जोर कपाच्या सीलवर सरळ मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. चिखल काढल्यावरच थरथर गेली, अशा गाड्या दर पावसाळ्यात येतात.

मग रिकामी गाडी सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर घ्या. पहिली चाचणी: आवाज येतो त्या वेगाला गाडी न्या आणि तोच वेग राखून चौथ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये चालवा. इंजिनाचे फेरे वाढले, वेग तोच राहिला. आवाज बदलला नाही तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे. इंजिनाबरोबर आवाज बदलला तर या लेखाचा विषय तुमचा नाही, माउंटिंग आणि सायलेन्सर बघा.

दुसरी: त्याच वेगाला क्लच दाबून गिअर न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. इंजिन बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही साथ सोडतात. आवाज तसाच राहून वेगाबरोबर हळूहळू उतरला तर शाफ्ट, हाउसिंग, चाक, टायर यांपैकीच कुणीतरी आहे. न्यूट्रल करताच एकदम थांबला, तर जोर पडल्यावर बोलणारी जागा शोधायची: क्रॉसचा खेळ, सेंटर बेअरिंगचं रबर, क्राऊन-पिनियन. ही चाचणी मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात उतारावर कधीही करू नका.

तिसरी: मोकळ्या जागेत कमी वेगानं गाडी डावीकडं-उजवीकडं झुकवत चालवा. 'घूंऽऽ' एका बाजूला वाढतो आणि दुसरीकडं कमी होतो, तर ते चाकाचं बेअरिंग आहे. शाफ्टला गाडी कुठं वळते याचं देणंघेणं नसतं.

शेवटी तीच गाडी माल भरून चालवा. रिकाम्यात थरथर आणि भरल्यावर शांत, किंवा याच्या उलट, ही माहिती फार मोलाची आहे. कागदावर लिहून ठेवा, कोनाच्या तपासणीत ती लागते.

गाडीखाली

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. खड्डा किंवा रॅम्प असलेलं गॅरेज उत्तम. घरी करायचं असेल तर पक्की फरशी आणि वजन पेलणारे स्टँड लागतात. शेतातल्या मऊ जमिनीवर जॅक रुततो. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. सायलेन्सर थंड होऊ द्या. मे महिन्यात दुपारी आलेल्या गाडीखाली हात घालाल तर पोळून निघाल, तेव्हा सकाळची वेळ धरा.

आधी गाडीचं वजन चाकांवर असताना बघा. धुरा लोंबकळत असेल तर शाफ्टचे कोन वेगळे दिसतात आणि सेंटर बेअरिंगचा अंदाज चुकतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल ठेवा. मागच्या क्रॉसपाशी एका हातानं हाउसिंगच्या फ्लँजचा योक धरा, दुसऱ्यानं शाफ्ट, आणि दोन्ही उलट दिशांना पिळा. नजर क्रॉसवरच ठेवा. योक आणि शाफ्टमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा खेळ असला तर क्रॉस गेला, त्यात 'अजून थोडे दिवस चालवू' असं काही नसतं. आता टॉमी (छोटी पहार) लावून वर-खालीही हलवून बघा. पुढच्या क्रॉसला हेच करताना गाडी गिअरमध्ये ठेवा, म्हणजे पुढचा योक फिरणार नाही.

इथं बरेच जण फसतात. शाफ्ट पिळल्यावर क्रॉससकट सगळंच थोडं फिरतं, कारण क्राऊन आणि पिनियनच्या दातांत थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. ती दिसली म्हणून हाउसिंग उघडायचं कारण नाही. मात्र पिनियनचा फ्लँज वर-खाली किंवा पुढं-मागं हलत असेल तर ते पिनियनच्या बेअरिंगचं काम आहे. तिथला मोठा नट दिसतो म्हणून सरळ आवळू नका. बेअरिंगवर किती दाब राहायचा ते त्या नटावर ठरतं, आणि अनेक हाउसिंगमध्ये आत दबणारी स्लीव्ह असते. एकदा जास्त आवळली की ती परत मूळ मापाला येत नाही.

कपाच्या कडेला बोट फिरवा. सीलजवळ लालसर, तपकिरी, कोरडी भुकटी लागली तर आत सुया गंजल्यात आणि झिजून बाहेर पडतायत. काळं ओलं ग्रीस दिसलं तर जीव आहे. बाकीचे तीन कप चांगले दिसत असले तरी एका कपाची लाल भुकटी पुरेशी आहे.

सेंटर बेअरिंगचं रबर टॉर्च लावून पूर्ण गोलात बघा. रबर मुळातच मऊ असतं, त्यामुळं शाफ्ट थोडा हलणं ठीक. रबर एका बाजूला फाटलंय, शाफ्ट खाली बसलाय, ब्रॅकेटला घासल्याची चकाकी आलीय, तर ते बदला. नंतर एक मागचं चाक स्टँडवर उचला, उरलेल्या तिन्ही चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. ते चाक हातानं फिरवलं की शाफ्ट फिरतो. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटवर हात ठेवून फिरवा, खरखर बोटांना कळते. पाईपवर दगडाचा चेप आहे का, बॅलन्ससाठी वेल्ड केलेली पट्टी निघून तिथं चकाकता चौकोन राहिलाय का, हेही याच वेळी बघून घ्या. इंजिन चालू करून, चाकं हवेत फिरवत खाली झोपून आवाज ऐकायचा उद्योग मात्र कोणी करू नये.

शेवटी यू-क्लॅम्पचे नट, फ्लँजचे बोल्ट, ब्रॅकेटचे बोल्ट पान्यानं तपासा. बोल्टभोवती गंजाची बारीक रेघ दिसली तर तो हलतोय.

शाफ्ट उतरवण्याआधी खुणा

फ्लँज आणि शाफ्ट यांवरून आडवी जाणारी पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. पुढच्या फ्लँजवर एक, मागच्यावर दोन. स्प्लाइनच्या जोडावर, नर आणि मादी दोन्ही भागांवरून जाईल अशी आणखी एक रेघ. खडू पुसला जातो, ऑइल पेंट वापरा. स्प्लाइन एक दात जरी सरकून बसली तरी दोन्ही योकची रेषा मोडते, आणि जी गाडी नुसती 'टक्' करत होती ती आता थरथरत परत येते. काही शाफ्टवर कंपनीचेच बाण असतात, पण आधी कुणी शाफ्ट उतरवला असेल तर ते बाण समोरासमोर आहेत का हे आधी बघा.

सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली पातळ पट्ट्या असतील तर कुठल्या बाजूला किती होत्या त्याचा फोनवर फोटो काढा. कोन जमवायला त्या दिलेल्या असतात.

मागचं टोक आधी सोडा, पण हवेत लटकवू नका, दोरीनं चॅसीला बांधा. लटकलेल्या वजनानं पुढचा क्रॉस आणि रबर दोन्ही खराब होतात. पुढचं टोक गिअरबॉक्समध्ये सरकून बसणारं असेल तर ते काढताच ऑइल येतं, डबा तयार ठेवा. आणि हे विसरू नका: शाफ्ट उतरवला की गिअरमध्ये टाकूनही गाडी जागेवर राहत नाही. हँडब्रेक आणि ठोकळे एवढाच आधार उरतो.

क्रॉस बदलणं

क्रॉस दुकानातून आणताना गाडीच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या गाडीत मॉडेलप्रमाणं वेगळे क्रॉस येतात. कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा, जुना क्रॉस सोबत न्या.

शाफ्ट बाकावर घ्या. पाईप व्हाइसमध्ये आवळू नका, तो पातळ असतो आणि चेपतो. योक धरा. लॉकच्या (कप जागेवर धरणाऱ्या कड्या) खाचांवर गंज सोडवणारं तेल टाकून थोडा वेळ द्या, मग पकडीनं चारही लॉक काढा. लॉक अडलं असेल तर त्या कपावर पंच ठेवून आत एक हलका ठोका द्या, दाब सुटतो आणि लॉक निघतं. आता व्हाइसच्या जबड्यात एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी ठेवून दाबा. एक कप मोठ्या गोटीत बाहेर येतो, मग उलटं करून दुसरा. हातोडीनंही निघतं, पण योकचे कान खाली टेकलेले हवेत. अधांतरी कानावर मारलं की कान वाकतो, आणि वाकलेल्या कानात नवा क्रॉस कधीच मोकळा चालत नाही.

जुन्या क्रॉसची दांडी पुसून तिच्यावर नख फिरवा. सुयांच्या उभ्या खाचा नखाला अडकत असतील तर हाच तुमचा आवाज. या खाचा बहुधा जोर पडतो त्या बाजूलाच असतात, दांडीची दुसरी बाजू गुळगुळीत असते. जोडीदाराला, ड्रायव्हरला ते दाखवा. ग्रीस न मारल्यानं काय होतं हे सांगायला त्याहून चांगलं काही नाही.

योकची भोकं बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, लॉकच्या खाचेतली घाण टोकदार वस्तूनं काढा. नवा कप हातानं भोकात लावून बघा. नुसत्या बोटानं सरकून आत जात असेल किंवा भोकात गोल फिरत असेल, तर योक मोठा झालाय. पत्र्याची पट्टी घालून किंवा पंचानं भोकाची कड मारून कप घट्ट करायची पद्धत चालते, पण ती मान्य करू नका. कप मध्यावर राहत नाही, शाफ्ट एका बाजूला चालतो आणि नवा क्रॉसही लवकर जातो. योक बदलावा लागेल.

आता सगळ्यात नाजूक काम. नव्या कपातल्या सुया ग्रीसनं भिंतीला चिकटलेल्या असतात. एक कप थोडा आत दाबा, क्रॉसची दांडी आतून त्यात घाला, मग समोरचा कप लावा, आणि दोन्ही बाजूंनी दाबत असताना क्रॉस हातानं सतत हलवत राहा. हलणं अडलं तर थांबा, जोर करू नका. एखादी सुई पडून कपाच्या तळाशी आडवी झाली असेल तर कप पुरता आत जात नाही आणि लॉकची खाच अर्धीच दिसते. तिथं लॉक ठोकून बसवणारे लोक आहेत. ते लॉक रस्त्यावर उडतं. कप काढा, सुई जागेवर लावा, परत बसवा.

ग्रीसचं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, कुठं येतं ते आधी ठरवा. शाफ्ट गाडीला लावल्यावर ग्रीस गन तिथं पोहोचली पाहिजे. सगळ्या क्रॉसची निप्पल एकाच बाजूला आली तर पुढं ग्रीस मारणाऱ्याचे कष्ट वाचतात.

चारही लॉक बसल्यावर क्रॉस बहुतेक वेळा आखडलेला वाटतो. योकच्या कानांवर, आतल्या बाजूनं बाहेर, हातोडीचा हलका ठोका द्या. कप सरकून लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. सर्व दिशांना एकसारखा, किंचित जड फिरला तर बरोबर. एका जागी अडत असेल तर उघडून बघा, 'चालवल्यावर मोकळा होईल' यावर सोडू नका.

सेंटर बेअरिंग

बेअरिंग पुलरनं काढा, हातोडीनं शाफ्टचं टोक पसरू नका. धूळझाकण कुठल्या तोंडानं होतं ते बघून ठेवा. नवं बसवताना आतल्या रिंगवरच जोर द्या, बाहेरच्या रिंगवर किंवा रबरावर मारलेला प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डा पाडतो. ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवा, शाफ्ट दोन्ही टोकांना जोडा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढं-मागं करा, आणि रबर कुठंही पिळलेलं नाही हे बघूनच बोल्ट आवळा.

जोडणीत खुणा खुणांवर आणा. फ्लँजची दोन्ही तोंडं स्वच्छ पुसा, मधे रंगाचा पापुद्रा किंवा मातीचा कण राहिला तरी शाफ्ट वाकडा बसतो. सेल्फ-लॉक नट नवे वापरा, कोपऱ्यासमोरचा कोपरा असे आलटूनपालटून आवळा, शेवटी टॉर्क पान्यानं गाडीच्या पुस्तकातल्या मापाला. पहिली भरलेली फेरी झाल्यावर सगळे बोल्ट एकदा परत तपासा.

पाटे वाढवलेली गाडी

आपल्याकडच्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. जास्त माल बसावा म्हणून मागं एक-दोन पाटे वाढवतात. रिकामी गाडी मागून उंच होते, हाउसिंग खाली जातं, शाफ्टचा मागचा कोन वाढतो. पुढचा-मागचा कोन सारखा राहत नाही आणि क्रॉसचे हिसके खोडले जात नाहीत. अशी गाडी रिकामी असताना थरथरते आणि भरली की शांत होते. मालक क्रॉस बदलत राहतो, बॅलन्सिंग करून आणतो, आणि थरथर तशीच राहते. उलट, पाटे बसलेली गाडी रिकामी ठीक चालते आणि मालात थरथरते.

कोन मोजायला फोनमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. गाडी सपाट फरशीवर, वजन चाकांवर. गिअरबॉक्सचा फ्लँज, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, पिनियनचा फ्लँज, या चौघांचे कोन एकाच बाजूनं मोजून लिहा. शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे त्या क्रॉसचा चालता कोन. मागच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चालते कोन जवळजवळ सारखे हवेत, एखाद्या अंशाचा फरक चालतो. चालता कोन अगदी शून्यही नको, कारण मग सुया फिरतच नाहीत, एकाच जागी दाबून खाच पाडतात. मोजणी रिकाम्यात करा, भरून परत करा. फरक मोठा निघाला तर धुरा आणि पाट्यामधली पाचर किंवा सेंटर बेअरिंगखालच्या पट्ट्या यांनी कोन सुधारता येतो, पण त्याआधी वाढवलेला पाटा काढून बघा. बऱ्याच गाड्यांचं उत्तर तिथंच मिळतं. कागदावरच्या क्षमतेपेक्षा जास्त माल भरायचा हट्ट असेल तर क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि हाउसिंग यांचा खर्चही त्याच भाड्यात धरावा लागेल.

यू-क्लॅम्प ढिला असला तर कोन दर क्लचला बदलतो. जोर पडला की हाउसिंगचं नाक वर उचलतं, सोडला की खाली आपटतं. तो 'टक्' क्रॉसच्या 'टक्'पेक्षा जड असतो आणि पायाखाली न येता मागून येतो.

बॅलन्सिंग

खुणा जुळलेल्या, क्रॉस नवे, कोन ठीक, आणि तरी ठरावीक वेगाला गुंजन राहिलं, तरच शाफ्ट बॅलन्सिंगला न्या. दोन तुकड्यांचा शाफ्ट जोडलेलाच न्या, सेंटर बेअरिंगसकट. पाईप चेपलेला किंवा वाकलेला असेल तर बॅलन्सिंगनं तो सरळ होत नाही, पाईप बदलावा लागतो. गाडीवरच वेल्डिंग करून पट्टी चिकटवणं टाळा. पाईप एका बाजूनं तापला की ओढला जातो, आणि करंट क्रॉसच्या सुयांमधून गेला तर त्यांच्यावर डाग पडतात.

ग्रीस कधी

निप्पल असलेल्या क्रॉसला पुस्तकात दिलेल्या अंतरानं ग्रीस द्याच, पण आपल्या धुळीत आणि चिखलात ते अंतर कमी करा. पावसाळा सुरू होण्याआधी, पावसाळा संपल्यावर, आणि ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर लगेच ग्रीस मारायचंच. लिथियमचं, जास्त दाब सोसणारं, २ नंबरचं ग्रीस चालतं. निप्पल पुसून गन लावा आणि चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबा. तीनच बाजूंनी आलं आणि एक कोरडा राहिला, तर शाफ्ट हलवून, त्या कपावर हलका ठोका देऊन परत प्रयत्न करा. तरी येत नसेल तर तो कप आतून बंद पडलाय, पुढचा आवाज तिथूनच येणार. स्प्लाइनला मात्र बेतानं द्या, ठासून भरलं की टोकाची चकती निखळते. सील केलेल्या, निप्पल नसलेल्या क्रॉसला ग्रीस देता येत नाही, तो तपासत राहायचा आणि खेळ दिसताच बदलायचा.

गाडी जागेवर थांबवायची वेळ

'टक्' वाढून 'खट्-खट्' झालं, प्रत्येक फेरीला ऐकू येऊ लागलं, किंवा एखादं लॉक पडलेलं दिसलं, तर मोंढा किती जवळ आहे ते बघू नका. शाफ्टचं पुढचं टोक सुटलं तर ते खाली पडून रस्त्यात रुतू शकतं, आणि वेगात असलेली गाडी मागून उचलली जाऊ शकते. ब्रेकचा पाईप आणि डिझेलची लाईनही त्याच्याच आसपास असते. माल उतरवून गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून न्या. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची असेल तर शाफ्ट पूर्ण उतरवून गाडीत टाका. तो गिअरबॉक्समध्ये सरकून बसणारा असेल तर ते तोंड घट्ट बांधा, नाहीतर ऑइल सांडत जाईल. ओढून आणलेली गाडी गॅरेजला पोहोचली की दोर सोडण्याआधी चाकांना ठोकळे लावा.